पोटकलम तीन

"बाई, तुमचा टेम्पो सापडला."

फोन लोहार गुरुजींचा होता. सकाळचे साडेदहा वाजले होते. मी आमदारांच्या संपर्क कार्यालयात बसून एका व्यायामशाळेच्या उद्घाटनाला शुभेच्छा लिहीत होते, आणि माझ्याकडे टेम्पोच काय, धड सायकलही नव्हती. मी तसं म्हणालेही. गुरुजी हसले नाहीत.

"विधेयकातला हो. निळी ताडपत्री, मागं आईचा आशीर्वाद. आमच्या वडसुर्डीच्या शिवारात पथकातल्या पोरांनी अडवलाय. ड्रायव्हरला सर्जेरावाच्या गुऱ्हाळावर नेलंय. तुम्ही या. लगेच या."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. व्यायामशाळेच्या शुभेच्छा तशाच राहिल्या. कारण तो टेम्पो जगात कुठंच नव्हता. तो मी बनवला होता, याच टेबलाशी बसून, चहा पिता पिता.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मी तेव्हा आमदार जयवंतराव भोईटे यांच्याकडे कामाला होते. कागदावर कार्यालयीन सहायक, पण खरं काम एकच, साहेबांच्या नावानं लिहायचं. भाषणं, शोकसंदेश, लग्नाच्या शुभेच्छा, वाढदिवसाची पानभर मानपत्रं. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या बाईला तालुक्याच्या गावात दोनच वाटा असतात, शिकवणी घ्या नाहीतर पुढाऱ्याचं लिहा. दुसऱ्यांची पोरं सांभाळायचा धीर माझ्यात कधीच नव्हता. शिवाय मला माझ्या वाक्यांचा फार गर्व होता. साहेबांनी सभेत माझं वाक्य म्हटलं आणि टाळ्या पडल्या की मी मागच्या खुर्चीत बसून त्या टाळ्या मुकाट्यानं स्वतःकडे घ्यायचे. पुढ्यात कुणी नसलं तर थोडी मानही हलवायचे.

त्या वर्षी एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्यात एमडीची, म्हणजे नशेची, पावडर तयार होते, अशी कुजबुज सुरू झाली. कुजबुज होती तोवर कुणी मनावर घेतलं नाही. मग चार गावांत मिळून पाच तरणी पोरं गेली. त्यांतला एक लोहार गुरुजींचा सुशांत. चोवीस वर्षांचा, कंपनीत दुसऱ्या पाळीला जाणारा, एकुलता एक. बेचाळीस गावांना मिळून एक पोलीस ठाणं आणि एक जीप. टोळी बाहेरची, तिच्याकडे हत्यारं, तिचे हात लांबवर. पोलीस येईपर्यंत कारखान्यात नुसती रिकामी पिंपं सापडायची. लोक चिडलेले होते आणि त्यांचं चिडणं खोटं नव्हतं, हे मला आजही वाटतं.

साहेबांना एका विमानप्रवासात शेजारी बसलेल्या गृहस्थांनी सांगितलं की पूर्वी समुद्रावर राजे खाजगी जहाजांना परवाना द्यायचे. शत्रूचं जहाज दिसलं की अडवा, धरा, माल ताब्यात घ्या. परदेशात म्हणे आता नशेच्या टोळ्यांसाठी तसलाच कायदा करायचं चाललंय. साहेबांच्या डोक्यात तो परवाना जाऊन बसला. गावोगावच्या लोकांना, कारखानदारांच्या संघांना, खाजगी रखवालदारांना असा परवाना द्यायचा. त्यांनी गाड्या अडवाव्यात, संशयिताला धरून ठेवावं, माल जप्त करावा. सरकारी वकिलीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी नऊ कलमांचं अशासकीय विधेयक लिहून दिलं. त्याच्या शेवटी जोडायचं उद्देश व कारणे यांचं निवेदन तेवढं माझ्याकडे आलं.

मी त्यासाठी वडसुर्डीला जाऊन गुरुजींशी बोलले होते. वहीत सगळं लिहून घेतलं होतं. पहिला मसुदा साहेबांनी वाचला आणि बाजूला ठेवला. यात जीव नाही, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं. मला ते लागलं. मग मी लिहिलं, 'पहाटेच्या धुक्यात निळ्या ताडपत्रीचा एक टेम्पो गावात शिरतो. त्याच्या मागे आईचा आशीर्वाद असे लिहिलेले असते, आणि तो आईचीच मुले घेऊन जातो.'

हे वाक्य लिहिल्यावर मी उठून खिडकीपाशी गेले होते, इतकं ते मला आवडलं होतं. आईचा आशीर्वाद मुद्दाम घातलं होतं. दर तिसऱ्या टेम्पोच्या मागे तेच लिहिलेलं असतं, तेव्हा ते कुणा एकावर जाणार नाही. एवढी हुशारी मला सुचली. जे सगळ्यांच्या मागे लिहिलेलं असतं ते कुणाच्याही मागे सापडतं, हे मात्र सुचलं नाही.

डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात विधेयक पुरःस्थापित झालं. म्हणजे फक्त मांडलं गेलं. त्यावर चर्चा व्हायची होती, मतं पडायची होती, आणि अशी विधेयकं बहुतेक वेळा तिथंच धूळ खात पडतात. पण साहेबांनी बाहेर पायऱ्यांवर टीव्हीवाल्यांपुढे माझं निवेदन वाचलं आणि ते वाक्य चारही दिशांना गेलं. कार्यकर्त्यांनी विधेयकाची पुस्तिका छापून घरोघर वाटली. चौकाचौकांत फलक लागले, 'आता अधिकार जनतेच्या हाती'. मी रोज त्या फलकाखालून कार्यालयात जायचे. हे खरं नाही हे मला ठाऊक होतं. पण साहेब खूश होते आणि मीही खूश होते, म्हणून मी गप्प बसले. वडसुर्डीत तर नागरिक पथक तयारही झालं. पिवळी जाकिटं, शिट्ट्या, गळ्यात ओळखपत्रं. परवाना देणारा कायदाच नव्हता, पण ओळखपत्र होतं.

गुरुजींचा फोन झाल्यावर मी आधी ठाण्यात कळवलं. एकुलती एक जीप बंदोबस्ताला गेली होती, दीड तासात पाठवतो म्हणाले. मग मुंबईला साहेबांना फोन लावला. ते कुठल्याशा समितीच्या बैठकीत होते, बाहेर येऊन बोलले.

मी सांगितलं की तो टेम्पो खोटा आहे, मी मनानं लिहिलाय.  साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, हे तुम्ही मला सांगितलंत, आणखी कुणाला सांगू नका. निवेदनातलं वाक्य बनावट निघालं तर विधेयक गेलं, आणि माझी अब्रूही गेली. पोलीस येतील. तुम्ही तिथं जायचं कारण नाही."

मी बरं म्हणाले. आणि खाली उतरून वडाप, म्हणजे शीटं भरत जाणारी जीप, पकडली. धैर्य वगैरे काही नव्हतं. कार्यालयात बसून राहिले असते तर वेड लागलं असतं, एवढंच. अकरा किलोमीटरांत त्या जीपवाल्यानं सात ठिकाणी माणसं घेतली आणि प्रत्येक ठिकाणी मी घड्याळ बघितलं.

सर्जेराव मान्यांचं गुऱ्हाळ फाट्यापासून जवळच होतं. हंगाम ऐन भरात होता. वाळत घातलेल्या चिपाडांच्या ढिगांवर पोरं चढून बसली होती. आत शेडमध्ये पन्नास-साठ माणसं असतील. मधोमध चुलवाण पेटलेलं, त्यावर सहा हात रुंद काहील, आणि काहिलीत रस खदखदत होता. एवढं होऊनही गुळव्याचं काम थांबलं नव्हतं, कारण रस थांबत नाही. तो खाली मान घालून फेस काढत होता.

शेडच्या खांबाला एक पन्नाशीचा माणूस गुरांच्या दाव्यानं बांधलेला होता. ओठ सुजलेला, सदऱ्याची एक बाही फाटून लोंबत होती. बाजूला पोत्यावर पारदर्शक पिशव्या मांडल्या होत्या. पांढरी पावडर, पिशवीवर नाव नाही, चिठ्ठी नाही. बाहेर टेम्पो उभा होता. मी तो बघितला. निळी ताडपत्री होती. मागे पिवळ्या रंगात आईचा आशीर्वाद होतं, आणि खाली हिरवा पोपट काढलेला होता. पोपट माझ्या वाक्यात नव्हता.

गुरुजी एका उलट्या घातलेल्या डब्यावर बसले होते. सत्तरीला आलेले, पांढरा सदरा, वरचं बटणही लावलेलं. मला बघून ते उठले.

सर्जेराव पुढे आला. पथकाचा प्रमुख तोच. चाळिशीचा, धिप्पाड, गावात वजन असलेला माणूस. मला तो ओळखत होता. "बरं झालं आलासा," तो म्हणाला. "सायबास्नी सांगा, पयला मासा वडसुर्डीनं धरला. आता ह्याच्याकडनं फकस्त नाव काढायचं ऱ्हायलंय."

मी खांबापाशी गेले आणि त्या माणसाला नाव विचारलं. भीमाशंकर हडपद, जतच्या पलीकडचा. बोलण्यात कानडी हेल होता. पिशव्यांत काय आहे विचारलं तर त्यानं आधी सर्जेरावाकडे बघितलं आणि मग खालच्या आवाजात म्हणाला, "गुळात टाकायची पावडर हाय ओ बाई. हायड्रोस. गुळाला कलर येतोय त्यानं. ईस वर्सं ह्याच भागात फिरतोय मी. विचारा की ह्यास्नी."

मी मागे वळले.  वडसुर्डीत तेव्हा सहा गुऱ्हाळं होती आणि सहाही गुऱ्हाळांवर 'केमिकलमुक्त सेंद्रिय गूळ' अशा पाट्या होत्या. त्या सहांचे मालक त्या गर्दीत असणारच. एकजण आपल्या चपलेकडे बघत होता. सर्जेराव काहिलीकडे बघत होता, आणि काहिलीतल्या गुळाचा रंग सोन्यासारखा पिवळाधमक होता. ही पावडर याच गुळात पडत होती, हे मला एका क्षणात समजलं. आणि हेही समजलं की सर्जेराव त्यामुळेच जास्त धोक्याचा आहे. भीमाशंकरनं जितकं कमी बोलावं तितकं सर्जेरावाला बरं होतं.

"हायड्रोस म्हनं," सर्जेराव म्हणाला. "पकडल्यावर सगळं हायड्रोसच असतंय. चिठ्ठी का न्हाई मग पिशवीवर? पहाटंचं का आला? सायबांनी लिवलंय तसाच आलाय. ताडपत्री तीच, नाव तेच."

मग मी ते बोलले. रस्ताभर मनात घोळवलं होतं, तरी आवाज चिरकला. मी म्हणाले, "ते साहेबांनी लिहिलेलं नाही. मी लिहिलंय. तो टेम्पो मी मनानं रचलाय. असा कुठलाही टेम्पो कुणी बघितलेला नाही."

 मागून कुणीतरी हसलं. ते हसणं शेडभर पसरलं. सर्जेरावालाही हसू आलं, जरा कीव आल्यासारखं. "बाई, तुमी टाइप केलं आसंल," तो म्हणाला. "लिवनारं सायब. खाली सही सायबांची हाय. टीव्हीवर सायबांनी वाचलंय. घाबरू नगासा, तुमचं नाव कुटं येत न्हाई."

सहा वर्षं मी साहेबांची वाक्यं लिहिली होती. ती माझी आहेत हे कुणालाही कळू द्यायचं नाही, हीच माझी नोकरी होती, आणि ती मी इतकी चोख केली होती की आता सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं तरी कुणी मानायला तयार नव्हतं. मला रडू आलं. रागाचं की भीतीचं ते ठरवायला वेळ नव्हता.

कारण पथकातल्या दोघांनी दावं सोडलं होतं. भीमाशंकरला धरून त्यांनी काहिलीकडे चालवलं. तो पाय घासत होता, पण ओरडत नव्हता, आणि ते न ओरडणंच मला सहन होईना. एक हात बुडवा, नाव सांगतो का नाही बघू, असं कुणीतरी म्हणालं. गुळव्या हातातलं फावडं बाजूला ठेवून मागे सरकला. बाहेर जीपचा आवाज नव्हता. घड्याळात पावणेबारा.

सर्जेरावाच्या जाकिटाच्या खिशातून विधेयकाची पुस्तिका डोकावत होती. मी ती ओढून घेतली आणि उघडली.

"थांबा," मी म्हणाले. "कायद्यानं चाललाय ना तुम्ही? मग कायदा ऐका. कलम सात, पोटकलम तीन."

आणि मी वाचायला लागले. "अशा रीतीने अडवून ठेवलेल्या इसमाच्या शरीरास पथकाच्या ताब्यात असताना कोणतीही इजा झाल्यास, पथकातील प्रत्येक सदस्य, मग तो त्या वेळी तेथे हजर असो वा नसो, दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस पात्र असेल. आणि ज्या जागेत अशी इजा करण्यात आली असेल ती जागा, तीवरील सर्व यंत्रसामग्रीसह, सरकारजमा होईल."

भीमाशंकरला धरलेले दोघं थांबले. काहिलीपासून ते तीन पावलांवर होते.

कलम सातला पोटकलमच नव्हतं. त्यात एकुलतं एक वाक्य होतं आणि ते माझ्या डोळ्यांसमोर छापलेलं होतं. पथकाने सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल त्याच्याविरुद्ध कसलाही दावा दाखल करता येणार नाही. मी त्या वाक्याकडे बघत दुसरंच वाचत होते. अडखळले नाही. असली वाक्यं रचणं हाच माझा धंदा होता.

"हे कवा घातलं?" सर्जेरावानं विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता, पण तो गडबडून जाणारा गडी नव्हता. "आमी वाचलंय पुस्तक. असं काय न्हवतं त्यात."

मी म्हणाले, नीट वाचा, बारीक अक्षरात आहे. त्यानं पुस्तिका माझ्या हातातून घेतली. लांब धरली, जवळ धरली. चष्मा घरी राहिला होता बहुतेक. बाजूच्या पोरानं हात पुढे केला, पण सर्जेरावानं त्याला दिली नाही. तो वळला आणि गुरुजींपाशी गेला.

"गुर्जी, तुमी वाचा," तो म्हणाला. "बाईंचा भरवसा न्हाई. तुमचं पोरगं गेलंय, तुमी खोटं सांगायचं न्हाई."

 गुरुजी आयुष्यात कधी खोटं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. शाळेत पोरांच्या हजेरीत एक दिवस इकडचा तिकडे केला नाही म्हणून गावानं त्यांच्यावर राग धरला होता. त्या शेडमधल्या निम्म्या लोकांना त्यांनीच अक्षरओळख करून दिली होती. आणि त्या धरून आणलेल्या माणसावर कुणाचा राग निघायला हवा होता, तर तो त्यांचा.

गुरुजींनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि लावला. पान उघडून वाचू लागले. ओठ हलत होते. एकदा वाचलं. बोट परत वर नेऊन पुन्हा वाचलं. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. ते बोट त्या एका वाक्यावरून फिरत होतं, ज्यात पथकानं काहीही केलं तरी चालेल असं लिहिलं होतं. गुरुजींनी मान वर केली आणि भीमाशंकरकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आहे," ते म्हणाले. "पोटकलम तीन. दहा वर्षं. बाईंनी बरोबर वाचलंय."

मग त्यांनी पुस्तिका मिटली. "आणि पुढं आणखी एक ओळ आहे, ती बाईंनी वाचली नाही. पोलीस येईपर्यंत त्याला सावलीत बसवावं आणि पाणी द्यावं."

पुस्तिका त्यांनी आपल्या सदऱ्याच्या खिशात घातली. ती परत मागायची कुणाची छाती झाली नाही. गुरुजींनी वाचलेलं तपासून बघणं वडसुर्डीत कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. सर्जेरावानं स्वतः तांब्या आणला. भीमाशंकर घटाघट पाणी प्यायला, सुजलेल्या ओठामुळे निम्मं सांडलं. गुळव्यानं पुन्हा फावडं उचललं, पण तोवर रस करपला होता आणि सगळ्या शेडमध्ये त्याचा वास भरला होता.

जीप साडेबाराला आली. पिशव्या तपासणीला गेल्या, आठ दिवसांत अहवाल आला आणि त्यात गुळाला रंग आणणारं रसायनच निघालं. भीमाशंकर सुटला. त्यानं कुणाविरुद्ध तक्रार दिली नाही. पुढच्या महिन्यात तो परत त्याच भागात फिरताना दिसला म्हणतात, फक्त टेम्पोच्या मागचं नाव त्यानं खरवडून काढलं होतं. विधेयकावर कधी चर्चाच झाली नाही. सभागृहाची मुदत संपली आणि तेही संपलं. साहेबांनी मला काढलं नाही, पण मला पुन्हा काही लिहायलाही दिलं नाही, आणि तीन महिन्यांनी मीच सोडलं. आता मी शिकवणी घेते. पोरांना निबंध शिकवताना कल्पनाविस्तार हा शब्द आला की माझा आवाज जरा कोरडा होतो, असं एका पोरीनं मला सांगितलं.

पण त्या दुपारी फाट्यावर जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

जीप गेल्यावर गुरुजी मला सोडायला फाट्यापर्यंत आले. ऊन चांगलंच वर आलं होतं. आम्ही बाभळीखाली वडापची वाट बघत उभे राहिलो. मी म्हणाले, गुरुजी, तुम्ही आज माझ्यासाठी खोटं बोललात. तुम्हाला कळलं होतं ना तिथं काय लिहिलंय ते?

"कळलं," ते म्हणाले. "पण तुमच्यासाठी नाही बोललो."

थोडं थांबून म्हणाले, "सुशांतला पुडी कोण आणून द्यायचं, ते मी तुम्हांला सांगितलं होतं. तुम्ही वहीत उतरवून घेतलं होतं."

मला आठवत होतं. संध्याकाळी दुचाकीवरून एक मित्र यायचा, असं गुरुजी म्हणाले होते. दुचाकी आणि मित्र मला फारच साधे वाटले होते. त्यातून वाक्य उभं राहत नव्हतं. मी ते सांगून टाकलं आणि त्यांची माफी मागितली.

गुरुजी रस्त्याकडे बघत राहिले. "पुस्तक घरी आलं तेव्हाच मी वाचलं, बाई. दुचाकीचा टेम्पो झालेला बघितला. हे चुकलंय म्हणून तुम्हांला फोन करायला उठलोसुद्धा. आणि परत खाली बसलो."

मी विचारलं, का?

"ते दुचाकीवरचं पोर आमच्या शेजारचं. माझ्याच वर्गात होतं. त्याची आई रोज सकाळी आमच्याकडं ताकाला येते. सुशांत गेल्यावरसुद्धा एक दिवस चुकली नाही. तिला काही ठाऊक नाही. मी तिच्या भांड्यात ताक ओततो आणि तिच्या तोंडाकडं बघतो. आज सांगू, उद्या सांगू. दोन महिने डोळ्याला डोळा लागला नव्हता. तुमचा टेम्पो वाचला आणि त्या रात्री मला झोप लागली."

लांबवर वडाप दिसली.  गुरुजींनी हात दाखवून ती थांबवली, मला आत बसायला जागा करून दिली आणि दार लावता लावता खिडकीशी वाकले.

"कुणीतरी सापडायला हवंच होतं हो," ते म्हणाले. "फक्त आमच्या आळीतलं नको होतं."